आमच्या अंगणातली हॉली आणि आण्णांचा चष्मा

आईला २०१२ साली फोनवर सांगितलं, अगं आम्ही घरासमोर हॉली लावली, तर पलीकडे दोन सेकंद एकदम शांतता आणि मग, "होळी लावलीस? आत्ता? नवरात्रात? आणि तुमच्या त्या लाकडाच्या घरासमोर?" मग बसले समजावत, होळी नाही गं बाई, हॉली, झाड आहे, ते ख्रिसमसच्या कार्डांवर नसतं का, काटेरी पान आणि गुंजेसारखी लालभडक फळं, ते. "मग सरळ झाड लावलं म्हण की," म्हणाली आणि फोन आण्णांकडे दिला. आण्णांनी एकच विचारलं, "फळ खातात का त्याचं?" नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. आमचं गाव दापोलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, नारळ-सुपारीचं आगर आहे, त्यात मिरी, जायफळ, पपई असं काय काय, त्यामुळे ज्याचं फळ खात नाहीत, विकत नाहीत आणि देवालाही वाहत नाहीत ते झाड माणूस पैसे देऊन का आणेल हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

आता हे झाड चांगलं चौदा फूट झालंय आणि त्याच्यासोबत अजून दोन आहेत, आणि न्यू जर्सीत आमच्या ओळखीचं कोणी नवीन घर घेतलं की हमखास विचारतं, ती तुमची हिवाळ्यात पण हिरवी राहणारी काटेरी झाडं कुठली, हरणं खात नाहीत का, किती दिवसांत वाढतात. दर वेळी तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यात माझ्या चुका जास्त आहेत आणि ज्ञान कमी, पण चुका बघूनच माणूस शिकतो ना (निदान दुसऱ्याच्या तरी).

घर घेतलं तेव्हा समोरच्या बाजूला काहीच नव्हतं, नुसतं लॉन, आणि कोपऱ्याचा प्लॉट असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या हॉलमधला सोफा दिसायचा. इथे सगळे अशा वेळी आर्बरव्हिटी लावतात, ते उंच शंकूसारखं हिरवंगार झाड, स्वस्त आणि भराभर वाढतं, म्हणून आम्हीपण तेच आणणार होतो. पण पलीकडच्या गल्लीत एका घरी बघितलं तर त्यांची सगळी रांग खालून हरणाची मान पोचेल तिथपर्यंत खाल्लेली आणि वर मात्र छान गुबगुबीत, म्हणजे लॉलीपॉपची काठी आणि लॉलीपॉप असं दृश्य. इथली हरणं म्हणजे आपल्याकडच्या मोकाट गुरांसारखी आहेत, हॉस्टा खातात, ट्यूलिप खातात, मी लावलेला झेंडू तेवढा सोडला होता. रटगर्स युनिव्हर्सिटीची एक यादी आहे, कुठलं झाड हरणं किती खातात त्याची, त्यात अमेरिकन हॉली अगदी वरच्या वर्गात, म्हणजे क्वचितच तोंड लावतात असं. ते वाचलं आणि ठरलं.

नर्सरीत गेलो तेव्हा सीझन संपत आलेला, सगळं निम्म्या किमतीत. कोपऱ्यात एक तीन फुटी हॉली उभी होती, लेबल पडून गेलेलं. खरं सांगायचं तर बघून जरा हिरमोड झाला कारण कार्डावरची हॉली कशी चकचकीत असते, पॉलिश केल्यासारखी, आणि हिचं पान मंद, किंचित पिवळसर झाक असलेलं. नंतर कळलं की कार्डावरची असते ती इंग्लिश हॉली, आणि ही इथली, अमेरिकेच्या पूर्व भागातली, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून खाली फ्लॉरिडापर्यंत जंगलात आपोआप उगवणारी. हिचं शास्त्रीय नावच आयलेक्स ओपाका, ओपाका म्हणजे चमक नसलेली. पण इंग्लिशवालीपेक्षा थंडी कितीतरी जास्त सोसते. मी त्या माणसाला विचारलं, हिला लाल फळं येतात ना? तो म्हणाला, हो हो, येतात की सगळ्यांना. हे वाक्य लक्षात ठेवा.

लावली ऑक्टोबरच्या मध्यात आणि २९ तारखेला सॅंडी चक्रीवादळ आलं. जे तेव्हा इथे होते त्यांना सांगायला नको, आठवडाभर लाईट नाही, पेट्रोलला रांगा, शेजारच्यांचा ओक मुळासकट आडवा होऊन त्यांच्या गॅरेजवर पडलेला. सकाळी बाहेर आले तर आमची तीन फुटी हॉली जशीच्या तशी, नुसता एक प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा काट्यांत अडकलेला. नवरा म्हणाला, ही टिकणार.

टिकली, पण तिला त्रास काय कमी दिला नाही मी. पहिली चूक म्हणजे ऑक्टोबरात लावणं. बारमाही हिरव्या झाडाचं गणित वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं, पानं झडणारी झाडं हिवाळ्यात झोपून जातात पण हिची पानं चालूच असतात, त्यातून पाणी उडत राहतं, आणि खाली जमीन गोठलेली म्हणजे मुळांना पाणी मिळत नाही. नवीन लावलेल्या झाडाची मुळं तर अजून मातीच्या त्या गोळ्याच्या बाहेरच आलेली नसतात. म्हणून हॉली लावायची तर एप्रिल-मे बरा, म्हणजे हिवाळ्याआधी सगळा उन्हाळा मिळतो हातात. २०१४ च्या जानेवारीत ते पोलर व्होर्टेक्स का काय (ध्रुवाकडून येणारी कडाक्याची थंडी) आलं तेव्हा वायव्येकडच्या बाजूची सगळी पानं कडेनं तांबडी पडली, कोणीतरी इस्त्री ठेवल्यासारखी. मी रडकुंडीला आले, उपटून टाकायला निघालेले. शेजारचे आजोबा (ओकवाले) म्हणाले, हात लावू नकोस, मेपर्यंत थांब. आणि खरंच मेमध्ये त्याच काड्यांना नवीन कोवळी पानं. तेव्हापासून मी नोव्हेंबरच्या शेवटी, जमीन गोठायच्या आधी, बादली-बादली पाणी घालते, आणि लहान झाड असेल तर वाऱ्याच्या बाजूला दोन खुंट्या ठोकून गोणपाट बांधते. बास, एवढंच पुरतं.

दुसरी चूक जागेची. ड्राइव्हवेच्या काँक्रीटला लागून लावली मी, दिसायला छान म्हणून. दोन वर्षांत पानं पिवळी, पण शिरा मात्र हिरव्या. मी आपली पाणी घालतेय, खत घालतेय. शेवटी रटगर्सच्या लॅबला माती पाठवली (पोस्टानं पाठवायची, थोडे पैसे पडतात, सगळ्यांनी एकदा तरी करावं), तर कळलं पीएच सातच्या वर गेलाय. हॉलीला आंबट माती लागते, पाच ते सहाच्या आसपासची, आणि काँक्रीटमधला चुना पाझरून कडेची माती अल्कधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट, करत राहतो, मग मातीत लोह असूनसुद्धा झाडाला ते घेता येत नाही. म्हणजे ताटात वाढलंय पण तोंड शिवलेलं. गंधक घातलं, पाइनच्या काड्यांचं आच्छादन केलं, हळूहळू सुधारलं. त्यातच एक वेगळाच त्रास, तिथे लावल्यामुळे वाळलेली पानं ड्राइव्हवेवर पडतात आणि हॉलीचं वाळलेलं पान म्हणजे ओल्या पानापेक्षा दुप्पट टोचतं, आणि कुजतही नाही लवकर. माझी मुलगी उन्हाळ्यात अनवाणी पळायची, तिनं एकदा टाचेत घुसलेलं पान दाखवत मला जे ऐकवलंय ते इथे लिहित नाही. तर खेळायच्या जागेपासून, गाडीपासून, कपडे वाळत घालायच्या जागेपासून लांब लावा. आणि हो, खणायच्या आधी ८११ ला फोन करा, फुकट असतं, येऊन गॅसच्या, केबलच्या लाइनींवर रंगीत खुणा करून जातात, न्यू जर्सीत तीन वर्किंग डे आधी कळवावं लागतं. आमच्याकडे गॅसची लाइन नेमकी त्याच कोपऱ्यातून जाते हे तिसऱ्या झाडाच्या वेळी कळलं, पहिल्या दोन वेळा देवच पाठीशी होता.

आता मुख्य गोष्ट, फळांची.

२०१३ गेलं, २०१४ गेलं, २०१५ गेलं. फळ नाही. झाड लहान आहे, होईल म्हणून मी थांबले. मग कुठेतरी वाचलं की हॉलीत नर आणि मादी अशी वेगवेगळी झाडं असतात आणि फळं फक्त मादीला येतात, तीही जवळपास नर असेल तरच. मला वाटलं, अरेच्चा, एवढंच ना, आपल्याकडे नर नाही! कारण आपली मादीच असणार, त्या माणसानं सांगितलं होतं की सगळ्यांना फळं येतात. हे लॉजिक आता लिहिताना मलाच हसू येतंय पण तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं. पलीकडच्या घरी निळसर पानांची बुटकी हॉली होती, ब्लू प्रिन्स आणि ब्लू प्रिन्सेस अशी जोडी, त्यांच्या प्रिन्सवर आपलं भागेल का असंही बघून झालं, पण ती जात फुलते आधी आणि आपली अमेरिकन फुलते मेच्या शेवटी-जूनमध्ये, तोवर त्या प्रिन्सचा मोहोर गळून गेलेला असतो, मुहूर्तच जुळत नाही. मग २०१६ च्या वसंतात जाऊन जर्सी नाइट नावाचा नर आणला, रटगर्समधल्या एल्विन ऑर्टन नावाच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली जात, आपल्या राज्यातलीच, चांगली पाच फुटी. या वेळी लेबल दहा वेळा वाचलं. काँक्रीटपासून लांब लावला, खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याएवढाच, बुंध्याची जिथे मुळं फाकतात ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे असं बघून. मुळांच्या गोळ्याभोवतीचं गोणपाट आणि तारेची जाळी वरून कापून काढली. सगळं पुस्तकाप्रमाणे.

२०१६ फळ नाही. २०१७ फळ नाही.

२०१८ च्या मेमध्ये आई-आण्णा आले सहा महिन्यांसाठी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेटलॅगमुळे पहाटे चारला उठलेले, उजाडल्यावर आण्णा बाहेर फिरायला गेले आणि आई ड्राइव्हवेवर उभी राहून ओरडली, "अगं ही तर मारांडी!" आईचं माहेर खाडीकाठचं, खाडीत तिवरांच्या खाली जी काटेरी पानांची झुडपं असतात, जांभळट निळी फुलं येतात, ती मारांडी. पान खरंच हुबेहूब, तसंच जाड, तसंच कडेनं नागमोडी आणि टोकाटोकाला काटा. गंमत म्हणजे मी नंतर बघितलं तर मारांडीचं शास्त्रीय नाव अकँथस इलिसिफोलियस आहे आणि इलिसिफोलियसचा अर्थच हॉलीसारख्या पानांची. म्हणजे ज्या कोणी नाव ठेवलं त्याला आपली मारांडी बघून हॉली आठवली, आणि माझ्या आईला हॉली बघून मारांडी. दोघींचं एकमेकींशी नातं मात्र काही नाही.

आठ-दहा दिवसांनी झाडांवर फुलं आली. फुलं म्हणजे काय, पांढरट हिरवी, भाताच्या लाहीपेक्षा लहान, लक्ष दिलं नाही तर दिसतही नाहीत, पण मधमाश्या इतक्या की झाडाजवळ गेलं की ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यासारखा आवाज. मी आण्णांना सगळी कथा सांगितली, ही मादी, हा नर, दोन वर्षं झाली आणून, तरी फळ नाही. आण्णा काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, आधी नवीन झाडाची एक काडी वाकवली, बघितली. मग चालत जुन्या झाडाकडे गेले, तिथली काडी वाकवली, एक फूल खुडलं, तळहातावर घेतलं, चष्मा काढून त्याचंच भिंग करून बघितलं. बोट फुलावर घासलं आणि मला दाखवलं, बोटावर पिवळी पावडर.

"काय गं मेले," म्हणाले, "दोन नवरदेव आणून उभे केलेस अंगणात. नवरी कुठाय?"

मला काही सुधरेना. त्यांनी तिथेच उभं राहून शिकवलं. हे बघ, चार पाकळ्या, मध्ये चार तुरे, प्रत्येकावर पराग, आणि मधोमध काही नाही, सपाट. मादी असती तर मधोमध हिरवा गाठोडा असता, मोहरीएवढा, तेच पुढे फळ होतं. आणि इथे बघ, एकेका बेचक्यात आठ-आठ दहा-दहा फुलांचा घोस आहे, नर असाच उधळा असतो, मादीला एकेक दोन-दोनच फुलं येतात. अमेरिकेतलं एकही झाड त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं, पण जायफळ सगळं आयुष्यभर केलेलं. जायफळाचंही हेच, बी लावलं तर सात-आठ वर्षं वाढवायचं, खत घालायचं आणि मग फुलल्यावर कळतं की निम्मे नरच आहेत. म्हणून आता कोकणात कलमच लावतात, दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. पपईचीही तीच गत. "आम्ही असले धंदे करून करून हुशार झालो, तू तर इंजिनियर," असंही ऐकवून घेतलं. संध्याकाळी गावी फोन करून काकांना ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली ती वेगळीच.

तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: लेबल नसलेली हॉली घेऊ नका. घ्यायचीच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, जिच्यावर लाल फळं प्रत्यक्ष दिसतायत ती बाजूला काढून ठेवायला सांगा, किंवा मेच्या शेवटी फुलं बघून घ्या. नावाच्या जाती कटिंगपासून करतात त्यामुळे त्यांचं लिंग पक्कं असतं. बियांपासून केलेलं झाड पाच ते दहा वर्षं फुलतच नाही, आणि बीसुद्धा रुजायला दोन-तीन वर्षं घेतं, इतकं आळशी. एक नर चार-पाच माद्यांना सहज पुरतो, अगदी चिकटूनच पाहिजे असं नाही, मधमाशी उडत जाते तेवढ्या अंतरात असला की झालं. ज्यांच्या आसपास जंगलात आपोआप उगवलेली हॉली आहे त्यांना तर नर आणायचीही गरज नाही. आम्हाला तशी नव्हती, आणि आम्ही मात्र दोन आणून बसलेलो.

पहिला नर काढून टाकायचा विचार होता पण आण्णा नको म्हणाले, माश्यांना खायला होतं, राहू दे. २०१९ च्या एप्रिलमध्ये जर्सी प्रिन्सेस आली, तीही ऑर्टन यांचीच जात, पानं बाकीच्यांपेक्षा गडद आणि जरा चकाकी असलेली. १८० डॉलर. नवरा म्हणाला, निम्म्या किमतीतलं झाड आपल्याला तीनशेला पडलं. पहिली दोन वर्षं आळं करून आठवड्यातून एकदा सावकाश भरपूर पाणी, रोज शिंपडायचं नाही, मुळं वर येतात. मल्च (मातीवरचं आच्छादन) दोन-तीन इंच, बुंध्यापासून चार बोटं लांब, इथे लँडस्केपवाले बुंध्याला मल्चचा डोंगर करतात तसं अजिबात नाही, साल कुजते. खत वर्षातून एकदा, हॉली-टोन, नावच तिच्यावरून आहे, कोंबडीखत, हाडांचा चुरा, गंधक असं असतं त्यात. वास इतका की दोन दिवस खिडक्या उघडायच्या नाहीत आणि शेजारचा कुत्रा मात्र खूश.

हे खत बनवणारी एस्पोमा कंपनी दक्षिण जर्सीतल्या मिलव्हिलची आहे आणि मिलव्हिलला हॉली सिटी म्हणतात हे मला नंतर कळलं. तिथे वाळूच्या खाणीची एक कंपनी होती, तिचे प्रमुख क्लॅरेन्स वुल्फ ख्रिसमसला ग्राहकांना हॉलीच्या फांद्यांची भेट पाठवायचे, ती लोकांना इतकी आवडायला लागली की पुढे त्यांनी हजारो झाडांची बागच लावली. आपल्याकडे दिवाळीला मिठाईचे बॉक्स जातात तसं. शेजारच्या डेलावेअरचं तर राज्यवृक्षच अमेरिकन हॉली, १९३९ पासून, तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी हिवाळ्यात बसून हॉलीच्या माळा करायचा धंदा होता, रेल्वेनं देशभर जायच्या, मग प्लास्टिकच्या आल्या आणि ते संपलं. झेंडूचं आणि प्लास्टिकच्या तोरणांचं आठवतं की नाही?

तोरणावरून आठवलं. त्याच २०१८ च्या दसऱ्याला ओक ट्री रोडला, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, आंब्याची पानं संपलेली. आई म्हणाली, एवढं हिरवंगार झाड दारात आहे, त्याचीच पानं ओवू. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. अर्ध्या तासानं आली ती तीन बोटांना हळद लावून. तोरण झालं मात्र, छान दिसत होतं, आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येक उंच माणसाच्या केसांत अडकत होतं. झाड जुनं झालं की वरच्या फांद्यांची पानं कमी काटेरी होतात म्हणतात, आमचं अजून त्या वयाला आलेलं नाही.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सँडी हूकला मात्र तसली बघितली. समुद्राच्या अगदी कडेला हॉलीचं जंगल आहे तिथे, शंभर-दीडशे वर्षांहून जुनी झाडं, खोड करडं, हत्तीच्या पायासारखं गुळगुळीत, आणि वाऱ्यानं सगळे शेंडे एका बाजूला वळलेले. खारा वारा, नुसती वाळू आणि त्यात ही झाडं. आण्णा बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, आपल्याकडच्या सुरूंपेक्षा बरी दिसतात.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. एप्रिल-मेमध्ये आतली जुनी पानं पिवळी होऊन ढिगानं गळतात, घाबरू नका, पान दोन-तीन वर्षं जगतं आणि मग नवीन येताना जातं. पानावर कोणीतरी पांढऱ्या खडूनं गिरगटल्यासारख्या रेषा दिसल्या तर ती लीफमायनरची अळी, पानाच्या दोन थरांच्या मध्ये बसून खात फिरते. झाड मरत नाही, मी हिवाळ्यात तशी पानं खुडून पिशवीत बांधून टाकते, फवारणी कधी केली नाही. हरणं पानं खात नाहीत हे खरं, पण शरदात नर हरणं शिंगं घासायला लहान झाडाचा बुंधा शोधतात, जर्सी नाइटची एका बाजूची साल अशीच गेलीय, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं बुंध्याला जाळी असू दे. आणि फळं माणसाला, कुत्र्याला चालत नाहीत, उलट्या-जुलाब होतात, घरात रांगतं मूल असेल तर फांद्या आणून सजवताना विचार करा. छाटणी डिसेंबरात, म्हणजे छाटलेलं सजावटीला होतं. वाढ मात्र वर्षाला फूटभर, फार तर. घाई असेल तर नेली स्टीव्हन्स नावाची संकरित हॉली घ्या, तिला जास्त घाई असते.

२०१९ ला प्रिन्सेसला मोजून अकरा फळं आली. मी खरंच मोजली. आण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर, "धरलं का? बरं झालं," एवढंच. पण दर रविवारी विचारायला लागले. २०२० ला मात्र, लॉकडाउनचं वर्ष, कुठे जायचं नाही यायचं नाही, ऑक्टोबरपासून झाड लाल व्हायला लागलं ते डिसेंबरात बर्फ पडला तेव्हा काय दिसलं, मी सांगू शकत नाही, रोज सकाळी चहा घेऊन खिडकीत. मी फोटो काढून काढून सगळ्यांना पाठवले. मनात होतं की मार्चपर्यंत राहतील.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी बाहेर गलका ऐकू आला. साठ-सत्तर रॉबिन, सगळं झाड भरलेलं, खालच्या बर्फावरही तेच. ही फळं सुरुवातीला कडक आणि कडू असतात म्हणून पक्षी तोंड लावत नाहीत, गोठून-वितळून दोन-चार वेळा झाली की मऊ पडतात, आणि मग एकदम सगळ्यांना बातमी लागते. मी काच वाजवली, कोणी हललं नाही. साडेनऊला सुरू केलेलं, साडेअकराला झाडावर एक फळ नाही, आणि नवऱ्याच्या धुतलेल्या गाडीवर जे काही होतं ते विचारू नका. तेव्हाच आण्णांना कॉल लावला, नुसतं हिरवं झाड दाखवलं, दोन तासांत सगळं संपलं म्हणून.

"वानरं तर नाहीत ना तिकडे?" म्हणाले. "आमच्याकडे नारळ संपवून वर झावळ्या मोडून जातात. पाखरांनी खाल्लं तर काय बोंबलतेस?"

गेल्या वर्षी जूनमध्ये कुंपणाखालचं गवत काढताना हाताला टोचलं. चार बोटांएवढं रोप, सहाच पानं, पण प्रत्येकाला काटे पूर्ण. रॉबिनांनीच टाकलेलं असणार. मी ते उपटलं नाही, भोवती विटांचे तुकडे लावलेत म्हणजे नवरा मशीन फिरवणार नाही. आण्णांना फोटो पाठवला आणि विचारलं, काय वाटतं, नर की मादी?

"दहा वर्षं थांब," असा मेसेज आला. मग पाच मिनिटांनी दुसरा, "नरच असणार."